चार पायांचा कूलर

गेल्या वर्षी परंदवडीच्या जत्रेत माझा कॉम्प्युटर नेमका निवृत्तीआबांच्या बारीला मेला. सकाळपासून सत्तर बैलगाडे पळाले, एकाही बारीला त्याने कुरकुर केली नाही. आबांचे बैल सुटले, धूळ उठली, अर्धा घाट पार झाला आणि मोठ्या पडद्यावर काळोख. पुन्हा चालू होईपर्यंत बैल वरच्या शेतात जाऊन उभे होते आणि तीन हजार माणसं माझ्याकडे बघत होती.

आमच्याकडच्या शर्यतीत गाड्यावर कोणी बसत नाही. पुढे घोडीस्वार, मागे चार बैल, चढणीचा घाट आणि सगळा खेळ सेकंदांचा. खालच्या आणि वरच्या रेषेवर सेन्सर असतात, त्यांच्या वायरी माझ्या मांडवात येतात, कॉम्प्युटर आकडा काढतो आणि कॅमेऱ्याच्या चित्रावर लावून पडद्यावर टाकतो. तेच चित्र लाइव्ह जातं, तळेगावच्या कंपनीत ड्युटीवर अडकलेली पोरं ते मशीनच्या आडून बघतात. हे सगळं मी करते. मी तेजल. डिप्लोमा केला, दोन वर्षं एका ऑफिसात बिलं टाइप केली, मग कंटाळून जुना कॉम्प्युटर घेतला आणि घाटावर आले. तीन हजार टोप्यांत मी एकटी बाई असते, त्यामुळे माझं मशीन बंद पडलं की ते बाईचं मशीन बंद पडलेलं असतं. याचा मला भयंकर राग येतो.

तर त्या दिवशी आबांची वेळ नोंदलीच गेली नाही. हातातल्या घड्याळांवर तिघांनी तीन आकडे सांगितले, तेव्हा कमिटीने एकही धरला नाही. आबांनी मात्र चौथा आकडा धरला. म्हणाले, "अकरा सेकंद. मी डोळ्यानं बघितलं." अकरा सेकंदात आमचा घाट गेल्या दहा वर्षांत दोनच गाड्यांनी मारलाय. वर्षभर आबा तेच सांगत राहिले. लग्नात अकरा, दहाव्याला अकरा, दूध डेअरीच्या रांगेत अकरा. पोरं मुद्दाम विचारायची, "आबा, किती वाजलं?" आबा चिडायचे आणि खिशातल्या पाकिटातून बैलांचा फोटो काढून दाखवायचे, जणू फोटोत घड्याळ होतं.

यंदा फाल्गुनात कमिटीचे बाजीराव माझ्या अंगणात येऊन खुर्चीवर बसले. "तेजल, पोरी, तू गावची. पन यंदा पडदा काळा झाला तर पुढच्या सालापासून मशीन चाकनच्या पार्टीचं. माझा विलाज न्हाई." चहा मात्र दोन कप प्यायले.

बाजीराव गेले आणि मी कॉम्प्युटर उघडला. रोग मला माहीत होता. थेट प्रक्षेपणाला प्रोसेसर जीव तोडून पळतो आणि जीव तोडून पळणारा तापतो. त्याच्या डोक्यावर कंपनीने दिलेला कूलर म्हणजे भजी तळायच्या झाऱ्याएवढी चकती आणि वर खेळण्यातला पंखा. धूळ काढली, तासभर चालवून बघितलं. अठ्ठ्याण्णव डिग्री झाल्या आणि फट्. म्हणजे नवा कूलर हवा. खोलीतला नव्हे, प्रोसेसरवर बसतो तो, तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमची पातळ पानं आणि एक पंखा. प्रोसेसरची उष्णता नळ्या वर ओढतात, पानं पसरवतात, पंखा बाहेर फेकतो. माझं बजेट अठराशे रुपये, त्याच्यापुढे एक रुपया नाही.

हे मी आमच्या ओट्यावर बसून आईला सांगत होते, आणि शेजारच्या ओट्यावर निवृत्तीआबा दात कोरत बसले होते. आबा माझे सख्खे कोणी नव्हेत, पण शेजारी म्हणजे भिंत सामाईक आणि कान तर पूर्णच सामाईक. ते उठून आले.

"कुटं घेनार?"

"लोणावळ्याला, आबा. सुहासच्या दुकानात. माझ्या वर्गात होता तो."

"मी येतो."

"आबा, कूलर आहे तो. बैल नाही."

"पळायचा हाये ना?" आबा म्हणाले. "तापायचं न्हाई, दम टाकायचा न्हाई, समदा दिवस पळायचं. मग बैल न्हाई तर काय? तेजे, तू आकडं बघनारी. जनावर बघायचं काम माझं."

आता हे खरं होतं की मावळात कोणी आबांना न विचारता बैल घेत नाही. चाळीस वर्षं त्यांची पारख चालते. बैलाच्या मागून एकदा चालत जातात आणि मालकाला माहीत नसलेला आजार सांगतात. आणि हेही खरं होतं की यंदा आपला अकराचा आकडा पडद्यावर आणायला ते माझ्यापेक्षा जास्त उतावीळ होते. मी नाही म्हटलं असतं तर ते बसने आले असते.

शुक्रवारी सकाळी स्कूटीवर निघालो. मागे आबा, पांढरं उपरणं वाऱ्यावर. कामशेतपर्यंत त्यांनी मला रस्त्यातल्या प्रत्येक गायीचं वय सांगितलं. वलवणच्या पुढे मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीच्या खिडकीतून कुत्रा डोकं काढून बसला होता, त्याला बघून आबा म्हणाले, "ह्याला चांगला ठिवलाय." आणि त्याच्या मालकाला हात केला. मालकाने फोटो काढला. मला हसू आवरेना, स्कूटी हलायला लागली.

सुहासचं दुकान बाजारातल्या गल्लीत, एका बाजूला चप्पल आणि एका बाजूला झेरॉक्स. त्याने काउंटरवर चार डबे मांडले. मी हातावर पेनने लिहून आणलं होतं: उंची एकशे पंचावन्न मिलिमीटर. माझ्या कॅबिनेटच्या आत त्याहून उंच काही मावत नाही, झाकण लागत नाही.

पहिला डबा लाल-निळ्या दिव्यांचा. सुहासने लावून दाखवला तर दुकानात लग्नाचा मांडव झाला.

"ह्ये पोळ्याला घे," आबा म्हणाले. "शिंगाला फुगं बांधून शर्यतीला कोन येतं? पुढचा."

पुढचा छोटा होता, दोन नळ्यांचा. आबांनी तो उलटा केला, नळ्या मोजल्या आणि सुहासकडे बघितलं. "ह्याला दोनच पाय?"

"दोन हीटपाइप आहेत आबा. स्वस्तात चांगला आहे."

"दोन पायाचा मी हाये," आबा म्हणाले. "मी पळतो का?"

सुहास माझ्याकडे बघायला लागला. मी चपलांच्या दुकानाकडे बघायला लागले.

तिसरा एकदम दणकट, दोन मनोरे, दोन पंखे, सहा नळ्या. आबांचे डोळे चमकले. त्यांनी तो दोन्ही हातांत तोलला, त्याच्या पानांवरून पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "तेजे, ह्यो."

"एकशे साठ आहे आबा. पाच मिलिमीटरने मावत नाही. आणि माझ्या बजेटच्या दुप्पट."

"पाच मिली म्हंजे केवढं?"

मी बोटांत दाखवलं.

"येवढ्यासाटी?" आबांचा जीव तुटला. पण माणूस पारखी होता, हट्टी नव्हता. म्हणाले, "खरं हाय. गोठ्याच्या दारातनं आत जात न्हाई त्यो बैल आपला न्हाई." आणि त्याला काउंटरवर असा उतरवला की मलाच वाईट वाटलं.

चौथा काळा, साधा, एक मनोरा, एक मोठा पंखा. चार नळ्या. उंची एकशे अठ्ठेचाळीस. मी घरूनच याच्यावर डोळा ठेवून आले होते, पण मी गप्प. आबांनी चार पाय मोजले. मान हलवली. मग त्याला उलटं करून, खाली जिथे तांबं प्रोसेसरला टेकतं, त्या जागेवरून अंगठ्याचं नख ओढलं. डोळे मिटून ओढलं.

"खूर सपाट हाये," म्हणाले. "कुटं अडकत न्हाई."

इथे सुहासचं तोंड उघडं पडलं. कारण कूलरमध्ये बघायचं ते हेच असतं. बूड सपाट नसेल तर वरचा सगळा डामडौल वाया. मोठमोठी माणसं व्हिडिओत अर्धा तास बोलून शेवटी इथेच येतात.

"आता पळवून दाव."

"आबा, पॅक माल असतो…"

"न पळवता मी बायकोच्या माहेरचा बी बैल घेतला न्हाई. पळव."

सुहासने बिचाऱ्याने जुन्या पॉवर सप्लायला पंखा जोडला. आबांनी मिशी पंख्यापुढे धरली. मिशी उडाली. मग कान जवळ नेला आणि कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. झेरॉक्सवाला बघायला आला, त्याच्यामागे त्याचं गिऱ्हाईक आलं.

"घरघर न्हाई," आबा सरळ झाले. "दम चांगला हाये. ह्योच."

डब्यावर छापील किंमत अठराशेच्या वर होती. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून सुहासच्या हातावर टाकलं आणि त्याखाली आपला हात घातला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून ठरवतात, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. सुहास खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, त्याच्या बापजन्मात त्याने बैल विकला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आधी गुदगुल्या, मग भीती, मग काहीतरी पवित्र घडतंय अशी श्रद्धा. आबा त्याच्या डोळ्यांत बघत होते. एकदा म्हणाले, "न्हाई न्हाई, लय झालं." एकदा म्हणाले, "आता कसं बोललास!" सुहास एक अक्षरही बोलला नव्हता.

उपरणं निघालं. "सौदा जमला," आबा म्हणाले. "साडेसोळाशे."

"हो का?" सुहास म्हणाला.

त्याने दिला, खरंच दिला. पुढे कधीतरी मला फोन करून विचारत होता की ते कोणत्या बोटाला काय असतं, कारण बाजूच्या चपलवाल्याकडे त्याला प्रयोग करायचा होता.

परत येताना डबा आबांच्या मांडीवर होता. सोमाटण्यापाशी मी आरशात बघितलं तर त्यांनी त्याच्यावर उपरणं पांघरलं होतं. ऊन लागू नये म्हणून.

घरी आलो तर दारात चिमाबाई उभ्या. चिमाबाई म्हणजे आबांची बायको, मी त्यांना मावशी म्हणते. हातात तांब्या आणि हळदीकुंकवाचं ताट. आबांनी वाटेतून फोन करून सांगितलं होतं, 'आनलाय.' एवढंच. गावात नवं जनावर आलं की पायावर पाणी घालतात, कपाळाला हळदकुंकू लावतात. मी स्कूटी स्टँडवर लावेपर्यंत आबांनी डबा उघडून कूलर बाहेर काढून धरला होता.

"मावशी, पाणी नको!" मी ओरडले.

मावशी दचकल्या आणि तांब्यातलं पाणी आबांच्या पायांवर पडलं. "व्हवू दे," त्या म्हणाल्या, "त्येबी आलेतच की बाहेरनं." पण कुंकू लावायला त्या थांबल्या नाहीत. आणि लावलं कुठे? चकाकणाऱ्या तांब्याच्या बुडावर, अगदी मधोमध. कारण चेहऱ्यासारखं दिसणारं तेवढंच होतं.

मी ते स्पिरिटने पुसलं. आई म्हणाली, "आधी चहा घे, मग बसव." मी आत गेले. पाच मिनिटं. फार तर सात.

बाहेर येऊन मी कूलर हातात घेतला तर बुडावर पेस्ट आधीच लावलेली. मला वाटलं, आबांनी डब्यातली नळी पिळून ठेवली असेल. माझंही डोकं त्या दिवशी वाऱ्यावरच होतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे एक पेस्ट लागते, राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढी. दोन्ही धातूंमधल्या बारीक फटी तिने भरतात. मी कूलर बसवला, स्क्रू आवळले, चालू केलं. आबा शेजारी मांडी घालून बसले. दोन मिनिटांत शंभर डिग्री आणि फट्.

जत्रेला नऊ दिवस होते. सुहासला फोन लावला, त्याला चार शब्द ऐकवले. तो म्हणाला, "पेस्ट लावलीस ना? नळी डब्यात आहे." डब्यात नळी होती, सीलसकट. मी कूलर उपसला. खाली काळंकुट्ट, बोटभर जाड, खोबरेल आणि लोखंडाच्या वासाचं काहीतरी.

"आबा."

"काय गं."

"हे काय आहे?"

"वंगन," आबा म्हणाले. "गाड्याच्या आसाचं. त्या नळीत काय हाय, तान्ह्या पोराचं औशद हाय येवढंसं! म्हनलं, चाक गरम व्हतंय म्हंजे वंगन कमी. मी चांगलं दोन बोटं लावलं. घरचंच हाय, इचारू नकोस."

माझा राग इतका वर गेला की तिथेच त्याचं हसू झालं. मी हसायला लागले, मावशी हसायला लागल्या, आई काय झालं म्हणून आली आणि न विचारताच हसायला लागली. आबा एकटे गंभीर होते. "न्हाई लागत का वंगन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आबा, चाकाला सुटून फिरायचं असतं. ह्याला घट्ट बिलगायचं असतं. मधे जाड थर आला की उष्णता वर चढत नाही." आबांनी हे नीट ऐकलं. "मंग माजं चुकलं," म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझंच हसू थांबलं.

अर्धा तास पुसण्यात गेला. मग नळीतली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मग कूलर, मग स्क्रू, एकाआड एक, कोपरा-कोपरा. दोन तास चालवला. एकाहत्तर. बहात्तर. एकाहत्तर. आबांनी मागच्या जाळीपाशी तळहात धरला होता, गरम वारा हातावर घेत म्हणाले, "बघ, दम बाहेर टाकतोय. आत ठिवत न्हाई."

जत्रेच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवातली प्लॅस्टिकची खुर्चीही बसवत नव्हती. सकाळी आठला पहिली बारी सुटली. दुपारी दोनपर्यंत चाळीस झाल्या, पडदा एकदाही लुकलुकला नाही. माझ्यापुरता प्रोसेसरच्या तापाचा एक छोटा आकडा कोपऱ्यात ठेवला होता: चौऱ्याहत्तर. बाजीराव माइकवरून गाडामालकांची नावं पुकारता पुकारता माझ्याकडे बघून दोनदा हसले. मी इतकी खुशीत होते की मावशींनी पाठवलेली पुरणपोळी मी कीबोर्डवर धरून खाल्ली.

आबांची बारी बावन्नावी. पुढची जोडी त्यांची, पाखऱ्या आणि चेंडू. मागची त्यांच्या मेहुण्याची. साडेतीनच्या सुमाराला आबा मांडवात येऊन माझ्यामागे बसले.

"तेजे."

"हं."

"गरम झालंय का गं?"

"नाही आबा. चौऱ्याहत्तर."

"म्हंजे?"

"म्हणजे झकास."

"आसं." थोड्या वेळाने पुन्हा, "ऊन लय हाये पन. आजून दोन-चार चढंल की."

"चढलं तरी हा हलत नाही आता. तुम्ही निवडलाय."

"व्हय," आबा म्हणाले. "लयच चांगला निवडला."

ज्या आवाजात ते म्हणाले, तो ऐकून मी वळले. आबा एक्स्टेन्शन बोर्डाच्या लाल बटणाकडे बघत होते.

"परवा सरावाला चेंडू मागं पडला," ते हळूच म्हणाले. "वय झालं त्याचं. मी कुनाला बोललो न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी मशीन मेलं म्हणून तर अकरा जिवंत होते. आबांनी वर्षभर ते अकरा सांभाळले आणि मग स्वतः लोणावळ्याला येऊन, चार पाय मोजून, मिशी उडवून असा कूलर निवडला की ज्याच्यामुळे आज खरा आकडा दिसल्याशिवाय राहणार नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या लाल बटणाकडे मीही एकदा बघितलं. म्हाताऱ्याचे अकरा वाचले असते. माझं काम गेलं असतं.

आबा उठले. उपरणं झटकलं. "जातो," म्हणाले, "बैल वाट बघत आसतील."

बैल सुटले. घोडी पुढे, धूळ, आरोळ्या, पाखऱ्या तीरासारखा आणि चेंडू त्याच्या खांद्याला खांदा लावायला धडपडणारा. वरची रेषा ओलांडली आणि पडद्यावर, गाडीएवढ्या अक्षरांत, आकडा आला.

तेरा पॉइंट शून्य चार.

मग मागून कोणीतरी शिट्टी मारली, "आबा, अकरा कुटं गेलं?" आणि खसखस पिकली. मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

आणि बाजीरावांनी माइक घेतला. आबांचे बालमित्र ते, त्यांना ते हसणं सहन झालं नाही. "मंडळी, थांबा. उन्हानं मशीन तापलं आसनार. गेल्या साली बी तापलंतं. निवृत्तीआबांची येळ मांडवातनं चुकीची आली आसंल…"

"तापलेलं मशीन बंद पडतं!" मी किंचाळले. "चुकीचं सांगत नाही!" पण माझ्याकडे माइक नव्हता. पहिल्या रांगेतल्या दोघांनी ऐकलं, तेही म्हणाले, "व्हय व्हय पोरी," म्हणजे ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर चाकणच्या पार्टीचा टेम्पो मांडवाच्या दारात येऊन उभा राहिला.

तोवर आबा वरून चालत आले. हातात चेंडूचा कासरा, चेंडूच्या तोंडाला फेस, आबांच्या कपाळावर धूळ. बाजीरावांनी विचारलं, माइकवरच विचारलं, "काय आबा? मशीनच तापलं ना?"

तीन हजार माणसं आबांच्या तोंडाकडे बघत होती. नुसतं व्हय म्हणायचं होतं. अकरा जन्मभर त्यांचे राहिले असते, आणि माझा बाजार उठला असता.

आबांनी बाजीरावांच्या हातातून माइक काढून घेतला.

"कोन म्हनतं तापलं?" ते गरजले, आणि भोंगे किंचाळले. "कूलर कुनी निवडलाय? म्या निवडलाय! चार पायाचा हाये. खूर सपाट. पळवून बघितलाय, दम बघितलाय, त्याला हात लावून बघा, उन्हात ह्या बाजीरावापेक्षा गार हाये! बाजीराव, चाळीस वर्सं माज्या पारखीवर जनावर घेतलंस. एक तरी खोटं निघालं?"

"न्हाई, आबा."

"मंग ह्ये बी खोटं न्हाई. त्या पोरीचं मशीन खरं बोलतंय. तेरा म्हंजे तेरा." मग ते थांबले. चेंडूच्या मानेवर हात ठेवला. आवाज खाली आला, पण माइक होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "आन् गेल्या साली बी तेराच आसतील."

मग शिट्टी मारणाऱ्या पोरानेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि घाटाच्या दोन्ही अंगांनी टाळ्या चढत गेल्या. फेटे उडाले. बाजीराव डोळे पुसत होते की धूळ, ते मला सांगता येणार नाही, कारण मलाच नीट दिसत नव्हतं. मी रडत होते आणि हसत होते आणि त्रेपन्नाव्या बारीची पाटी लावत होते.

संध्याकाळपर्यंत पंचाहत्तर बाऱ्या झाल्या. पडदा एकदाही काळा झाला नाही. बाजीराव जाता जाता म्हणाले, "पुढच्या साली बी तूच." आणि मांडवात शिरून त्यांनी त्या जाळीला हात लावून बघितला, खरंच आपल्यापेक्षा गार आहे का म्हणून.

सगळ्यात शेवटी आबा आले. मुठीत गुलाल. आमच्या घाटात गुलाल पहिल्या आलेल्याच्या बैलांना लागतो, आणि आबांचा नंबर कितवा आला होता ते विचारू नका.

"बैलं हारली," ते म्हणाले. "पन माजं एक जनावर आज समदा दिवस पळालं. त्याला लावतो."

"आबा, नको!" मी कॅबिनेटच्या आडवी झाले. "पंखा चालू आहे, सगळा आत जाईल!"

आबा थबकले. मूठ तशीच हवेत. मग माझ्याकडे बघितलं आणि तो गुलाल माझ्या कपाळाला लावला, चांगला दोन बोटं.

"वंगन न्हाई," म्हणाले. "घाबरू नकोस."